गावाचे रक्षण आणि सरकारी अनुदान
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेले भाषण)



कीर्तन संपल्यावर आणि महाप्रसादाच्या आधी बोलावयास उभे राहणे, याइतकी अवघड जागा दुसरी नसेल. मागे भाताची डेग उतरलेली आहे, वास इथपर्यंत येतो आहे, हे मला कळते. शिवाय मी वक्ता नव्हे. तहसील कार्यालयात लिपिक आहे. शिक्षण एस.एस.सी. वडील त्याच कार्यालयात शिपाई होते, ते वारल्यावर अनुकंपा तत्त्वावर मी शिपाई म्हणून लागलो आणि पुढे टंकलेखनाची परीक्षा देऊन लिपिक झालो. बोलण्यापेक्षा मला आवक-जावक नोंदविण्याची सवय जास्त. तरी समितीने आग्रह धरला, त्याचे कारण सांगतो.

या मंदिराचे काम चालू असताना, स्लॅबच्या आधी, एका रात्री सळईचे दोन भारे चोरीस गेले. पोलिसांत अर्ज दिला, पंचनामा झाला, आणि त्या दिवसापासून गावातील तरुण मुलांनी पाळीपाळीने इथे झोपावयास सुरुवात केली. चौघे-चौघे, कलश चढेपर्यंत, जवळजवळ पाच महिने. त्यावेळी समितीच्या बैठकीत पुण्याहून आलेल्या एका देणगीदारांनी विचारले, "देवाला आम्ही दिले. पण गावाच्या राखणीला सरकार काही देते की नाही? या पोरांना काही अनुदान?" सर्वांनी माझ्याकडे पाहिले. तहसीलमधला माणूस म्हणजे त्याला सरकारचे सर्व खिसे माहीत असणार, असा आपल्याकडे समज आहे. मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बघून सांगतो." तेच आज सांगावयास उभा आहे.

सरकारी पैशाला राहावयास एक घर लागते. त्या घराला आमच्या भाषेत लेखाशीर्ष म्हणतात. ज्या कामाला लेखाशीर्ष आहे त्याला पैसा आज ना उद्या येतो, थोडा येतो, उशिरा येतो, पण येतो. ज्याला लेखाशीर्ष नाही ते काम कितीही पुण्याचे असो, त्याला दमडी मिळत नाही. त्या मुलांच्या पहाऱ्याला लेखाशीर्ष नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये गावोगाव ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची तरतूद आहे, पण ती सेवा स्वेच्छेची. होमगार्डची गोष्ट वेगळी. ती संघटना मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी उभी राहिली, तिच्या जवानाला बंदोबस्ताच्या दिवसाचा भत्ता मिळतो आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तो ५७० वरून १,०८३ रुपये झाला. आपल्या यात्रेत खाकी कपड्यांत उभे असतात ते. पण देवळाच्या सळईवर झोपणाऱ्याला होमगार्ड म्हणत नाहीत. देणगीदार साहेबांना उत्तर मिळाले असेल.

मग सरकार देते कशाला? सर्वांत जुने देणे पोलीस पाटलाचे. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात मालीपाटील वेगळा आणि पोलीसपाटील वेगळा असे. एकाने सारा पाहावा, दुसऱ्याने चोऱ्यामाऱ्या. दोन्ही वतने वंशपरंपरेची. ती वतने गेली, पण त्यांच्यावरून पडलेली आडनावे अजून आपल्या शाळेच्या हजेरीपटात आहेत. आज ज्याला आपण पोलीस पाटील म्हणतो तो १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आला. वंशाचा संबंध संपला. दहावी पास, त्याच गावचा रहिवासी, परीक्षा आणि तोंडी मुलाखत, आणि नेमणूक उपविभागीय अधिकाऱ्याची. स्त्रियाही पोलीस पाटील होतात आणि चांगल्या होतात. मानधन मात्र वर्षानुवर्षे असे होते की माणसाला फटफटीच्या पेट्रोललाही पुरू नये. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते ६,५०० वरून १५,००० रुपये केले. राज्यात पोलीस पाटलांची पदे ३८ हजारांच्या वर आहेत, तेव्हा हा आकडा लहान नाही. खेड्याच्या राखणीवर सरकार नियमितपणे खर्च करते अशी ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जवळची बाब म्हणावी लागेल.

पोलीस पाटलाचे काम काय, असे विचारले तर पुष्कळजण सांगतील की चारित्र्याच्या दाखल्याला आणि पासपोर्टच्या चौकशीला लागतो. ते वरवरचे. गावात अनोळखी माणूस आला, बेवारस प्रेत सापडले, कोणी विष घेतले, कोणी विहिरीत पडले, वीज पडली, पूर आला, तर पहिली खबर ठाण्याला आणि तहसीलला त्याने द्यावयाची. त्याचे चार ओळींचे पत्र आले की आमच्याकडे कागद हलू लागतो. नाही आले तर हलत नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, मी पुन्हा तिथे येणार आहे.

दुसरे देणे बक्षिसाचे. गृहमंत्री कै. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, यांनी १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. आबांनी त्याआधी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालविले होते, आणि गावाला बक्षीस लावले की गाव कामाला लागते हे त्यांनी ओळखले होते. तंटामुक्तीत गावाच्या लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत पुरस्कार ठेवला. गावसभेतून समिती नेमावयाची, त्यात सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीटचा जमादार, महिला, शिक्षक. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणावयाचे आहे, पण माझी आणि आपली जीभ अजून वळलेली नाही, क्षमा असावी.) दिवाणी, महसुली आणि तडजोडीने मिटण्यासारखी फौजदारी भांडणे समितीपुढे मिटवावयाची आणि नोंदवहीत लिहून ठेवावयाची.

आपल्या तालुक्यात महात्मा गांधींचे नाव परके नाही. उजेडला गांधीजींच्या नावाने यात्रा भरते. पाळणे, मिठाई, कुस्त्या, सर्व गांधीबाबाच्या नावाने. अशी यात्रा बाहेरच्या माणसाला सांगितली तर तो खरे मानीत नाही. तेव्हा गांधींच्या नावाची मोहीम आपल्याकडे रुजावी यात नवल नव्हते.

याच मंदिराच्या जुन्या पारावर त्या समितीची बैठक भरत असे. दोन सख्ख्या भावांचा बांधाचा वाद मला आठवतो. नावे सांगत नाही, दोघेही समोर बसले आहेत आणि दोघांच्याही पावत्या या पुस्तिकेत आहेत. सोळा वर्षे कोर्टात होते. बांध किती? दीड हात. समितीत एक म्हातारी बाई होत्या, त्या दोघांच्या चुलत आत्या. त्यांनी कायद्याचे काही विचारले नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या मायच्या तेराव्याला तुम्ही दोघं वेगवेगळ्या पंगतीत बसलात. आता माझं काय करणार ते आजच सांगा, म्हंजी मी तशी तयारी करते." दोघे खाली बघत बसले. आठ दिवसांनी मोजणीवाल्याला बोलावून दगड रोवला. त्या दगडाला सरकारचा किती खर्च आला? काही नाही. पण समितीला बसवले सरकारच्या योजनेने, हेही खरे. पुढे बक्षिसांचा जोर ओसरला, आता नोंदवही कोणाकडे आहे हे विचारावे लागते. बक्षिसासाठी केलेले काम बक्षीस थांबले की थांबते, असे आमचे एक जुने अव्वल कारकून म्हणत. मला ते तितके पटत नाही. तो दगड अजून जागेवर आहे.

आता फोनवरच्या मदतीकडे येतो, कारण तरुणांना वाटते की हे सर्व जुने झाले, आता मोबाईल आहे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. त्यावेळी ९३७ गाड्या घेतल्या, त्यांपैकी २३३ गाड्यांत गंभीर रुग्णासाठीची पूर्ण साधने, बाकीच्यांत प्राथमिक. गाडीत डॉक्टर असतो. रुग्णाकडून एक पैसा घ्यावयाचा नाही. पैसा आरोग्य खात्याचा, चालविण्याचे काम ठेकेदार कंपनीचे. पोलिसांचा ११२ क्रमांक आपल्याकडे २०२१ पासून चालू झाला. दिल्लीच्या त्या निर्भया प्रकरणानंतर केंद्राने २०१३ मध्ये जो निधी काढला, त्यातून देशभर ही व्यवस्था उभारली गेली. फोन गावच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईत किंवा नागपुरात वाजतो, तिथून आपल्या ठाण्याच्या गाडीतल्या यंत्रावर संदेश येतो आणि गाडी निघते.

यात आपली एक खास अडचण आहे, आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. तुम्ही घाबरून म्हणता, "शिरूरहून बोलतोय, लवकर या." पलीकडची मुलगी विचारते, "कोणते शिरूर?" पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, ते सर्वांना माहीत. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे. ते सोडा, आपल्याच लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे! इकडे माणूस तडफडतो आहे आणि तिकडे ती मुलगी चार शिरूरांतून एक निवडते आहे. तिचा दोष नाही. म्हणून घरातल्या लहान मुलालाही एक वाक्य पाठ करवा: आधी जिल्हा लातूर, मग तालुका शिरूर अनंतपाळ, मग गावाचे नाव, मग जवळची खूण, आणि मग काय झाले ते. जिल्हा आधी. आपला तालुकाच १९९९ सालचा, त्याआधी आपण निलंग्याचे. आपल्या जुन्या माणसांच्या तोंडून घाईत निलंगाच निघतो, मग आणखी गोंधळ.

गाडी लांबून यावयाची, पावसाळ्यात घरणी नदीला पाणी असले तर वळसा पडावयाचा. तेव्हा गाडी येईपर्यंतचा वेळ कोणाचा? तो गावाचाच.

हे आम्ही मराठवाड्यातल्या माणसांनी नव्याने शिकावयाचे नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. मी तेव्हा आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून, नाचून, दमून आम्ही झोपलो होतो. माजघरातली उतरंड धडधडत खाली आली त्याने जाग आली. आईने आम्हाला ओढत अंगणात आणले आणि उजाडेपर्यंत घरात जाऊ दिले नाही. आपल्या गावात भिंतींना तडे गेले, तेवढ्यावर निभावले. पण किल्लारी, सास्तूर या भागात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद, ते सर्व झोपलेल्या माणसांवर आले. सैन्य आले, देशभरातून मदत आली, पण पहिल्या काही तासांत ज्यांना बाहेर काढले त्यांना शेजाऱ्यांनी हातांनी, टिकावांनी, पावसात काढले. त्या वेळी तालुक्याच्या ठिकाणी ना आपत्तीचा कक्ष होता ना कोणता आराखडा.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसविली, हजारो घरांची मजबुती केली. त्याच कार्यक्रमातून राज्याचा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतले नियंत्रण कक्ष आले. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा झाला आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधी ठरला, ज्यात आपल्यासारख्या राज्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के. म्हणजे आज अतिवृष्टीचे जे अनुदान आपल्या खात्यावर येते त्याच्या मुळाशी किल्लारीची ती पहाट आहे. (आणि या सभामंडपात खांबांना आणि दारांवरून सलग पट्ट्याला एवढे लोखंड का घातले, असे ज्यांनी विचारले त्यांनाही हेच उत्तर आहे.)

२०२५ च्या ऑगस्टात शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यात पाणी गावांत शिरले. हसनाळचे नाव तेव्हा सर्वांनी ऐकले. तिथे सैन्य बोलवावे लागले. बोटी, दोर, जवान सर्व आले. तरीही पाणी रात्री आले आणि मदत त्यानंतर आली. यात कोणाला नाव ठेवावयाचे नाही. रस्त्याला अंतर असते.

आता जे सांगावयाचे आहे ते मी अनेक वर्षे कोणाला सांगितले नाही. समितीने भाषण दिले नसते तर आजही सांगितले नसते.

२०१६ साल. तो दुष्काळ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले ते साल. जूनमध्ये पहिला पाऊस आला तेव्हा माणसे भिजायला म्हणून बाहेर पडली. माझे थोरले चुलत भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, बैल घेऊन शेतात गेले होते. चारच्या सुमारास आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. बाभळीखाली उभे होते. माणूस जागीच गेला, एक बैलही गेला.

गाव जमले. बाया रडत होत्या. आभाळ पुन्हा भरून येत होते आणि लाकडे भिजतील अशी सर्वांना घाई. त्यावेळी आपल्या गावचे पोलीस पाटलाचे पद रिक्त होते. शेजारच्या गावच्या पाटलांकडे आपला अतिरिक्त पदभार होता आणि ते त्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेलेले. तलाठ्यांचा फोन लागेना, वीज गेली होती, टॉवर बंद. मी तिथे होतो. मी तहसीलचा नोकर. तोपर्यंत वीज पडून मेलेल्यांची कितीतरी प्रकरणे मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेलेली. मला माहीत होते की पंचनामा लागतो आणि शवविच्छेदन लागते, त्याशिवाय काही नाही. मी थोरल्या काकांच्या कानात एवढे म्हणालो, "काका, दवाखान्यात नेऊन मग..." काकांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "अरे, वीज पडून गेला हे साऱ्या गावानं बघितलं. आता त्याला चिरायचं आणि? कागदासाठी?" मी गप्प बसलो. एवढेच नाही, कोणीतरी विचारले, "सायेब, उरकायचं का?" आणि मी मान हलविली.

अंधार पडायच्या आत उरकले.

तिसऱ्या दिवशी तलाठी आले. बैलाचा पंचनामा झाला, कारण बैल अजून पुरलेला नव्हता. बैलाचे पैसे मिळाले. दादांचे मिळाले नाहीत. त्यावेळी वीज पडून मृत्यूला चार लाख रुपये सानुग्रह अनुदान होते. साऱ्या गावाचे जबाब जोडले, सरपंचांचा दाखला जोडला, सर्व केले. मृत्यूचे कारण सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले नाही, असा शेरा पडून प्रकरण परत आले. शेरा चुकीचा नव्हता. तो शेरा असलेली फाईल माझ्याच हातांनी मी अभिलेख कक्षात ठेवली. वहिनींनी मला कधी विचारले नाही. त्यांना वाटते की आपल्या नशिबात नव्हते. तीन लेकरे होती. थोरल्याने शाळा सोडली, तो आता हैदराबादला एका हॉटेलात आहे.

मी मान हलविली नसती, दोन तास थांबा म्हणालो असतो, ट्रॅक्टर काढून सरकारी दवाखान्यात नेले असते, रात्री परत आणले असते, सकाळी अंत्यसंस्कार झाला असता. एवढेच करावयाचे होते. थोरल्यांपुढे तोंड उघडले नाही. नियम माहीत नसलेल्या माणसाचे नुकसान झाले तर ती त्याची अडाणीपणाची चूक. इथे मला माहीत होता.

म्हणून ज्या पोलीस पाटलाच्या पत्रावर मी मघाशी थांबलो होतो, तिथे आता येतो. अपघाती मृत्यू झाला तर गावाने काय करावे, हे मी आज सर्वांसमक्ष स्पष्ट सांगतो. प्रेत हलविण्यापूर्वी किंवा निदान अग्नी देण्यापूर्वी पोलीस पाटील, ठाणे आणि तलाठी या तिघांपैकी जो भेटेल त्याला कळवा आणि कळविल्याची वेळ लिहून ठेवा. पंचनाम्याशिवाय आणि शवविच्छेदनाशिवाय अंत्यसंस्कार करू नका. शवविच्छेदनाला लोक भितात, विटंबना समजतात. मीही समजत होतो. वीज, पूर, अंगावर भिंत पडणे, याची प्रकरणे तहसीलला येतात. साप चावून माणूस गेला तर आपत्तीच्या निधीत त्याला जागा नाही, हे पुष्कळांना माहीत नसते आणि ते आमच्या दारात बसून राहतात. त्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, ती कृषी खात्याची. आधी विमा कंपनीमार्फत होती, २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देते. मृत्यूला दोन लाख. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक माणूस, वय दहा ते पंच्याहत्तर. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. तेरावा, चौदावा, मासिक श्राद्ध यात तीस दिवस कसे जातात ते कळत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यातच घरातल्या कोणा शहाण्याने कागद जमवावेत. त्या कागदांच्या यादीतही पोलीस पाटलाचा अहवाल आहेच.

आणि साप चावला तर आधी माणूस जगवावयाचा, अनुदान नंतर. मांत्रिकाकडे नेऊ नका, बांधाबांध करून पाय काळा करू नका, हलवू नका, थेट सरकारी दवाखान्यात. सर्पदंशाची लस तिथे फुकट आहे. सुदैवाने आपल्या गावात आता हे पुष्कळ पटले आहे. विजेची आगाऊ सूचना देणारे 'दामिनी' नावाचे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढले आहे, तरुणांनी ते मोबाईलवर घ्यावे आणि रानातल्या बापाला फोन करावा. बाभळीखालून निघ म्हणावे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो देणगीदारांसाठी आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा पैसा येतो. पंधराव्या आयोगात त्यातला साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या चाळीस टक्क्यांत गावाच्या बाकीच्या सर्व गरजा. पोलिसांच्या गाड्यांना आणि कॅमेऱ्यांना जिल्हा नियोजन समितीतून पैसा मिळतो. पण शंभर हात दोरखंड, दोन मोठ्या बॅटऱ्या, एक स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी आणि वीज गेल्यावर चालणारा भोंगा, याचा प्रस्ताव घेऊन मी कुठे जाऊ? मी शोधले. एवढ्या बारीक गोष्टींसाठी गावाला हाताशी येईल असे लेखाशीर्ष मला सापडले नाही. मागच्या महिन्यात समितीच्या बैठकीत मी हे मांडले. काहींनी विरोध केला, देवाचा पैसा देवालाच लागावा असे म्हणाले. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, पावत्या देवाच्या नावाने फाडल्या आहेत. शेवटी असे ठरले की मंदिराच्या निधीला हात लावावयाचा नाही, साहित्य वेगळ्या वर्गणीतून घ्यावयाचे, पण ते ठेवण्यास सभामंडपाच्या डाव्या कोपऱ्यातील कपाट समितीने द्यावयाचे. मंदिराचा भोंगा पूर, आग, वीज अशा प्रसंगी वापरण्यास पुजारीबुवांची संमती आहे. बाहेरच्या भिंतीवर एक फलक लागेल. त्यावर १०८, ११२, ठाणे, तहसीलचा कक्ष, पोलीस पाटील आणि तलाठी यांचे क्रमांक, आणि फोनवर म्हणावयाचे ते वाक्य, जिल्हा लातूर पासून सुरू होणारे.

दोरखंड आणि बॅटऱ्या आल्या आहेत. पहाऱ्याला झोपणाऱ्या त्याच मुलांनी पैसे जमा केले. स्ट्रेचर कोणी दिले ते पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. दुधाच्या पैशातून दिले आहे, दादांच्या स्मरणार्थ. मी वहिनींना म्हणालो होतो की तुम्ही देऊ नका, मी देतो. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही फलक लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

फलक लिहून झाला आहे, रंग वाळतो आहे. कपाटाच्या दोन किल्ल्या आहेत. एक पुजारीबुवांकडे राहील. दुसरी कोणाकडे ठेवावयाची हे ठरलेले नाही. जो रात्री गावातच झोपतो आणि ज्याचे दार वाजविले तर राग येत नाही, असा माणूस सुचवावा. महाप्रसादानंतर समिती इथेच बसणार आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.